स्की बॅग घेताय? आधी वजनकाटा काढा!

पहाटेचे पावणेपाच. मुंबई एअरपोर्टवरची चेक-इनची रांग. माझ्या खांद्याला टेकून उभी माझ्यापेक्षा वीतभर उंच, काळी, लांबलचक बॅग. पाच मिनिटांत तीन प्रश्न आले. पहिला एका काकांचा, ‘‘क्रिकेट किट का?’’ दुसरा ट्रॉलीवाल्या भैयांचा, ‘‘मॅडम, बंदूक तो नहीं है ना?’’ आणि तिसरा, माझा सगळ्यात लाडका, नातवाच्या बारशाला निघालेल्या एका आजींचा. ‘‘तंबोरा आहे का गं बाळा? कुठे गायला चाललीस?’’

नाही हो आजी, स्कीज आहेत. बर्फावरून घसरायच्या पट्ट्या. आजींनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ‘‘पडू नकोस हो’’ म्हणून पुढे सरकल्या. आजींचा आशीर्वाद मला लागला. बॅगेला नाही लागला!

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण तरी मला विचारून गेले, ‘‘अगं, गुलमर्गला चाललोय, स्की बॅग कुठली घेऊ?’’ हल्ली आपल्या ग्रुपमध्ये गोव्याला जाऊन आलो म्हटलं की कुणी मान वर करून बघत नाही. गुलमर्ग म्हटलं की बघतात. आणि एकदा का तिथल्या बर्फाची चटक लागली की भाड्याच्या स्कीज नकोशा वाटायला लागतात. मग कुणी परदेशातून येणाऱ्या मित्राला गळ घालतं, कुणी सेकंडहँड शोधतं. स्कीज घरी येतात, फोटो अपलोड होतात, कौतुक होतं. या पावणेदोन मीटरच्या प्रकरणाला विमानात कसं न्यायचं, हा प्रश्न पडतो तो तिकीट काढून झाल्यावर. माझंही अगदी तस्संच झालं होतं.

माझ्या स्कीज माझ्या आतेभावाच्या. दादा बरीच वर्षं डेन्वरला होता, दर विकेंडला डोंगरात. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नोकरी ह्यूस्टनला गेली आणि ह्यूस्टनमध्ये बर्फ फक्त ग्लासात मिळतं. भारतात आला तेव्हा स्कीज घेऊन आला. ‘‘माझ्या आता भिंतीवर टांगायच्याच लायकीच्या, तू तरी वापर,’’ म्हणाला. बरोबर एक पातळ नायलॉनची पिशवी होती, त्याच्या गाडीच्या टपावर टाकायची. मला वाटलं, बॅगसकट मिळाल्या, सुटले! त्या पिशवीला ना अस्तर, ना चाकं, ना आत काही बांधायला पट्टे. तंबोऱ्याच्या गवसणीलासुद्धा याहून जास्त कापूस असतो.

श्रीनगरला उतरले तेव्हा बॅग वरून ठीक दिसत होती. खाली सुमोवाला घाई करत होता, बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. न उघडताच निघाले. गुलमर्गच्या हॉटेलात रात्री चेन उघडली तर डाव्या स्कीचं टोक फाकलेलं. म्हणजे वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट. एका बाइंडिंगचा ब्रेक वाकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर दोन फूट ताजं बर्फ आणि मी बाजारातल्या स्की रिपेअरवाल्या चाचांच्या दुकानात कांगडी मांडीत घेऊन बसलेली. चाचांनी फटीत इपॉक्सी भरली, दोन्हीकडून क्लॅम्प लावले आणि शांतपणे सांगितलं, ‘‘कल शाम तक हाथ नहीं लगाना.’’ सहा दिवसांच्या ट्रिपमधले दोन दिवस गेले. फ्रीलान्स करणाऱ्या मुलीला सहा दिवसांची सुट्टी म्हणजे काय असते, हे फ्रीलान्स करणाऱ्यांनाच विचारा. सुट्टीचा पगार नाही आणि न लिहिलेल्या लेखाचे पैसेही नाहीत!

नुकसानभरपाई? विसरा. नुकसान झालंय हे सामानाच्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर दाखवून लेखी रिपोर्ट करायचा असतो, हे मला गुलमर्गला पोचल्यावर कळलं. वर चेक-इन करताना एका छोट्या टॅगवर माझी सही घेतली होती, ती ‘लिमिटेड रिलीज’ची. म्हणजे सामानाचं पॅकिंग पुरेसं नाही, मोडलं तर आमच्यावर नाही, हे मी मान्य केलेलं! पहाटे पावणेपाचला माणूस कशावरही सही करतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून सात दिवसांत करता येते आणि उशिरा आलेल्या सामानाची एकवीस दिवसांत. पण तिथेही हॉलमध्येच रिपोर्ट केलेला असला तर तुमची बाजू भक्कम. तेव्हा पहिला फंडा: बॅग हातात आली की तिथेच उघडा. सुमोवाला कितीही हॉर्न वाजवू दे.

आता मुद्द्यावर येऊ. पण थांबा, त्याआधी एक आगाऊ प्रश्न. तुम्हाला स्की बॅग खरंच हवी आहे का?

पहिल्यांदा जात असाल तर नको. सरळ नको. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग असो की मनालीची माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, कोर्सला गेलात की साहित्य तिथेच मिळतं. बाजारातही भाड्याने मिळतं. शिवाय निसर्गाचा लहरीपणा आहेच. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होतं आणि २०२५च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. स्वतःच्या स्कीज दोन्ही वेळचं भाडं भरून नेल्या आणि तिथे गवत चरणारी घोडी बघून परत आलात, तर घरचे वर्षभर टोमणे मारतील. भाड्याने घेणाऱ्याचं असं काही नुकसान होत नाही, तो कहवा पितो आणि फोटो काढतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बूट घ्या. स्की कुठलीही चालते, बूट मात्र तुमच्याच पायाचा लागतो. भाड्याच्या बुटात तिसऱ्या दिवशी नडगी सोलते. बूट साध्या सॅकमध्ये जातात, त्यांना कुठल्या खास बॅगेची गरज नाही.

एवढं ऐकूनही स्वतःच्या स्कीज न्यायच्याच आहेत? मग आता स्वयंपाकघरातला नाही, बाथरूममधला वजनकाटा काढा. बॅगेचा रंग, ब्रॅण्ड, चाकं, खिसे सगळं नंतर. स्की बॅगची निवड वजनकाट्यावर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

माझा हिशेब सांगते. बाइंडिंगसकट स्कीज ७.४ किलो. बूट ३.९. पोल्स अर्धा किलो. हेल्मेट आणि गॉगल मिळून ८०० ग्रॅम. झाले १२.६ किलो. आता यात आपण दुकानात बघून भाळतो ती जाड पॅडिंगवाली, चाकांची, ऐटदार बॅग घाला. ती रिकामीच ३.८ किलोची. एकूण १६.४! आणि आपल्याकडच्या बहुतेक डोमेस्टिक इकॉनॉमी तिकिटांवर चेक-इनला मिळतात १५ किलो. अजून थर्मल नाही, मोजा नाही, टूथब्रश नाही आणि तुम्ही जवळजवळ दीड किलो वर! शिवाय काही कंपन्यांच्या नियमात १५ किलो तर आहेतच, पण नगही एकच. म्हणजे बुटांची सॅक वेगळी केलीत की ती दुसरा नग, तिचे वेगळे पैसे.

हाच हिशेब परदेशी प्रवासात एकदम बदलतो. तिकडे जास्त करून २३ किलोचा नग धरतात आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या तर स्की बॅग आणि बुटांची बॅग मिळून एकच नग मानतात. दादा म्हणूनच निवांत होता. त्याने आयुष्यात कधी बॅगेचं स्वतःचं वजन पाहिलंच नव्हतं. तिथले लोक ज्या बॅगेला पाच स्टार देतात ती आपल्याला परवडेलच असं नाही, ते यामुळे. ते त्यात जोडीला जाकिटं, पॅण्टी, चार स्वेटर कोंबून तीच एक बॅग नेतात. आपण मुंबई-श्रीनगर विमानात ते करायला गेलो की काउंटरवरची ताई गोड हसून कॅल्क्युलेटर काढते.

म्हणून माझं स्पष्ट मत (ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल भांडावं): देशातल्या देशात न्यायची असेल तर बिनचाकाची, एका जोडीची, हलक्या अस्तराची बॅग. दीड-पावणेदोन किलोच्या आतली. माझी सध्याची १.६ किलोची आहे. १२.६ अधिक १.६ म्हणजे १४.२. आठशे ग्रॅम उरले! त्यात दोन थर्मल बसतात. उरलेले कपडे सात किलोच्या हँडबॅगेत आणि जाकीट अंगावर. हो, फेब्रुवारीत मुंबईच्या रिक्षात स्की जाकीट घालून बसले होते मी. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा पाहिलं. एकदा तर विचारलंच, ‘‘ताई, बरं नाही का?’’

वर्षाआड युरोपात किंवा जपानला जाणार असाल, २३ किलोचं तिकीट असेल, तर मात्र चाकं हवीतच. झुरिकच्या स्टेशनवर एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर पळताना चाकांचं महत्त्व कळतं. गुलमर्गला चाकांचा उपयोग शून्य. टंगमर्गला चेन लावलेल्या गाडीत बसायचं, वरच्या तेरा किलोमीटरच्या चढानंतर उतरलात की सगळीकडे बर्फ. तिथे तुमची बॅग ओढतात स्लेजवाले, लाकडी घसरगाडीवर टाकून. तुमची हजारांची युरेथेनची चाकं त्या स्लेजवर उताणी पडून आभाळाकडे बघत असतात.

आता लांबी. इथे सगळे चुकतात. दुकानदार सांगतो, ‘‘मोठी घ्या, पुढे कामाला येईल.’’ शाळेचा गणवेश घेताना आई म्हणायची तसं! गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, स्कीज काही वाढत नाहीत. माझ्या स्कीज १७२च्या. बॅग हवी १८०च्या आसपासची, १९५ची नको. लांब बॅगेत स्की आत मागे-पुढे सरकते, प्रत्येक धक्क्याला टोक आपटतं. वर रिकामा उरलेला भाग दुमडतो, बेल्टमध्ये अडकतो, कुणीतरी तोच धरून ओढतो. स्कीवर छापलेला आकडाही देव मानू नका, टोकापासून शेपटापर्यंत सरळ टेप लावून स्वतः मोजा. एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे निघतात.

लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या बॅगा मिळतात. वरचं तोंड गुंडाळायचं आणि क्लिपने आवळायचं, आपल्या धान्याच्या गोणीसारखं. हा प्रकार मला सगळ्यात आवडला. स्वीडनचा फ्रीस्कीअर जॉन ओल्सन ज्याच्या संस्थापकांपैकी एक होता, त्या ‘डीबी’ नावाच्या नॉर्वेच्या कंपनीने असल्या बॅगांची हवा केली. आत बरगड्यांसारखा सांगाडा, वापरून झाली की गुंडाळी करून कोपऱ्यात. सॉल्लिड कल्पना आहे, किंमतही तितकीच सॉल्लिड! आपल्याकडे सगळ्यात सहज हाताला लागतं ते डिकॅथलॉनच्या वेडझे ब्रॅण्डचं सामान, पण दुकानात गेल्यावर स्की बॅग शेल्फवर असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. मी माझी पुण्यात एका कॅनडारिटर्न मुलाकडून सेकंडहँड उचलली. स्की बॅग सेकंडहँड घ्यायला अजिबात हरकत नाही. फक्त चेन पूर्ण उघडून-मिटून बघा आणि खालची शिवण बोटांनी ओढून बघा.

कडक प्लॅस्टिकच्या डब्यासारख्याही येतात. ‘स्पोर्टट्यूब’ हे त्यातलं गाजलेलं नाव. लांबी सरकवून कमी-जास्त होते, खाली चाकं, आत स्कीला धक्का लागायची भीती नाही. पण वजनाचं गणित वर केलंच आहे. आणि दुसरं म्हणजे, माझ्या वन-बीएचकेत तो डबा ठेवायचा कुठे? डेन्वरला गॅरेज असतं. आमच्याकडे माळा आहे आणि माळ्यावर आधीच गणपतीचं मखर, आजोबांची ट्रंक आणि बाबांनी कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला टेबलफॅन आहे. मऊ बॅग गुंडाळून मखराच्या मागे जाते.

कापडाचं फार पाल्हाळ लावत नाही. लेबलवर ६०० डेनिअर किंवा त्याहून मोठा आकडा असला की झालं. कापड फाटून कुणाच्या स्कीज मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही. मोडतं ते टोक, शेपूट आणि बाइंडिंग. तेव्हा पॅडिंग सगळीकडे सारखं असण्यापेक्षा दोन्ही टोकांना दुहेरी असलेलं बरं. मधल्या भागाचं पॅडिंग तुमच्याकडे आहेच, कपडे! पण चेनकडे मात्र लक्ष द्या. फक्त वरून उघडणारी बॅग नको, अख्ख्या लांबीची चेन हवी. सिक्युरिटीवाले बॅग उघडायला सांगतातच. वरूनच उघडणाऱ्या बॅगेतून त्यांनी स्कीज तलवारीसारख्या उपसल्या, तर परत आत जाताना तुम्ही केलेली बांधाबांध तशी राहत नाही. लांब चेनची बॅग उघडली, पाहिली, मिटली, संपलं. आणि चेनवरून आडवे आवळायचे दोन-तीन पट्टे हवेतच, म्हणजे चेन उसवली तरी सामान आत राहतं.

हातात धरायचे बंद किती आणि कुठे, हे कुणी बघत नाही. बघा! मध्यभागी एक असतोच. पण दोन्ही टोकांनाही हवेत. विमानात सामान भरणारा माणूस बॅगेला टोकाकडूनच ओढणार, दुसरीकडून त्याचा हात पोचतच नाही. तिथे बंद नसेल तर तो कापडाला धरतो. आणि श्रीनगर ते गुलमर्ग हा पन्नासेक किलोमीटरचा प्रवास तुमची बॅग सुमोच्या टपावर करणार असते. दोन्ही टोकांना बंद असले की दोरी त्यातून ओवता येते. बॅग वॉटरप्रूफ आहे असं लेबलवर लिहिलेलं असलं तरी टपावर टाकताना खाली-वर प्लॅस्टिक घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात खिडकीला लावायचं निळं प्लॅस्टिक असतं ना, तेच. माझं आता कायम बॅगेतच असतं.

पॅकिंगचं सांगते, कारण दोनशे रुपयांची अक्कल दहा हजारांच्या बॅगेएवढं काम करते. दोन्ही स्कीजचे तळ एकमेकांना लावायचे, ब्रेक एकमेकांत अडकतात. टोकाकडे एक आणि शेपटाकडे एक असे दोन रबरी पट्टे आवळायचे. दोन तळांच्या मध्ये एक मोजा, म्हणजे कडा एकमेकींवर घासत नाहीत. टोकांना फ्लीसचं स्वेटर गुंडाळायचं, शेपटांना थर्मल. पोल्स बाजूला उलटसुलट, त्यांची चक्री काढून बुटात. बुटात मोजेही जातात. बाइंडिंगच्या आजूबाजूला जी पोकळी उरते तिथे बूट न ठेवता मऊ काहीतरी ठेवा. वजनदार बूट बॅगेच्या एका टोकाला बसवले तर बॅग नेहमी त्याच बाजूने आपटते, तेव्हा ते मधोमध, बाइंडिंगच्या थोडे पुढे-मागे. आत एका कागदावर नाव आणि फोन नंबर, कारण बाहेरचा टॅग तुटतो. बंद करायच्या आधी मोबाइलवर एक फोटो.

काय घालायचं नाही? पॉवरबँक, गरम होणाऱ्या ग्लोव्हजच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हँडबॅगेत. मेण साफ करायचं पेट्रोलसारखं द्रावण कुठेच चालत नाही, घरीच ठेवा. आणि तुमच्यापैकी जे फेज टूच्या वर अफरवाटच्या मागच्या उतारांवर जाणारे वस्ताद आहेत, त्यांच्यासाठी: हिमस्खलनात फुगणारी एअरबॅग गॅसच्या सिलिंडरवाली असेल तर ती विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी सोय आहे, माणशी एक, पण ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’ हे कंपनीच्या हातात. ते ‘हो’ ईमेलवर घ्या आणि प्रिंट काढून ठेवा. काउंटरवर फोनवरचं कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं, याला किंमत नसते.

ईमेल स्की बॅगसाठीही घ्या. सामानाची नेहमीची मर्यादा असते लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. तुमची बॅग नुसत्या लांबीतच ती ओलांडते! म्हणजे ती जन्मतःच ओव्हरसाइझ. खेळाचं सामान म्हणून सूट मिळते, कुठे फुकट, कुठे पैसे भरून, प्रत्येकाचा नियम वेगळा. तेव्हा तिकीट काढायच्या आधी साइटवर स्पोर्ट्स इक्विपमेंटचं पान वाचा. आणि जादा वजन लागणारच असेल तर ते आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर तेच महाग पडतं. स्वस्तात मिळतंय म्हणून दिल्लीत विमान बदलणारं तिकीट काढू नका. थेट विमान म्हणजे बॅग दोनदाच हाताळली जाते, बदलणारं म्हणजे चारदा. मनालीसाठी भुंतरला उतरायचा बेत असेल तर आणखी सावध. तिथे धावपट्टी छोटी, विमानं एटीआर, वजनाची कायम चणचण. तिकडे स्कीज घेऊन जाणाऱ्याने चंदीगडहून रस्त्यानेच गेलेलं बरं.

आणखी एक पर्याय आहे, वेळ असलेल्यांसाठी. वांद्रे टर्मिनसहून कटऱ्यापर्यंत स्वराज एक्स्प्रेस आणि जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत. चिनाबवरचा तो प्रसिद्ध पूल बघत बघत! गाडीत बॅग तुमच्या नजरेसमोर असते, कुणी ती फेकत नाही. दोन दिवस जातात मात्र. मी अजून गेलेले नाही, पण एकदा जाणार.

उतरल्यावर नेहमीच्या बेल्टपाशी चाळीस मिनिटं उभं राहू नका, मी राहिले आहे. लांब सामान बहुतेक ठिकाणी वेगळ्या बेल्टवर किंवा कोपऱ्यातल्या दारातून येतं, हे आधीच विचारून घ्या. सगळ्या स्की बॅगा काळ्याच असतात, म्हणून माझ्या बॅगेच्या बंदाला आईने जुन्या खणाचा लाल तुकडा शिवून दिलाय. लांबून ओळखू येते. गुलमर्गचे स्लेजवालेही आता ‘लाल पट्टीवाली मॅडम’ म्हणतात.

परत आल्यावरचं काम कुणी सांगत नाही, मी सांगते. शेवटच्या दिवशी ओल्या स्कीज बॅगेत घालून तुम्ही मुंबईत येता, थकलेले असता, बॅग कोपऱ्यात टाकता. आठ दिवसांनी उघडता तेव्हा स्टीलच्या कडांवर तांबूस गंज! आपली हवा खारट, दमट, तिला निमित्तच हवं असतं. आल्या रात्रीच उघडा, पुसा, बॅग उलटी करून बाल्कनीत वाळवा, कडांवर शिलाई मशीनचं तेल कापसाने फिरवा. बॅगेच्या अस्तरालाही पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा जूनच्या आधी एकदा कडक ऊन द्या. आमच्या बाल्कनीत ती वाळत होती तेव्हा वॉचमन वर विचारायला आला होता, काय टांगलंय म्हणून.

या फेब्रुवारीत नवी बॅग घेऊन जाऊन आले. काउंटरवरच्या काट्यावर १४.८. ताईने कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नाही. श्रीनगरला हॉलमध्येच जमिनीवर बसून बॅग उघडली, मागे माणसं खोळंबली होती, तरी उघडली. सगळं जागच्या जागी. चाचांनी भरलेली इपॉक्सीची रेघसुद्धा.

त्या रेघेबद्दल मी दादाला दोन वर्षं काही सांगितलं नव्हतं. तो अधूनमधून विचारायचा, ‘‘स्कीज बऱ्या आहेत ना?’’ आणि मी ‘‘एकदम!’’ म्हणायचे. त्याने त्या जपल्या होत्या आणि मी पहिल्याच प्रवासात एका फालतू पिशवीपायी त्यांची वाट लावली, हे सांगायचं कसं? शेवटी या वेळी गुलमर्गहून फोटो काढून पाठवलाच. टोकाचा, रेघेसकट. खाली लांबलचक सॉरी.

ह्यूस्टनहून दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘‘डावी ना? ती मीही एकदा चिकटवली होती. त्याच पिशवीत!’’